दोन-तीन सेंटिमीटरचा प्रश्न

[दृश्य: बंद इंधन डेपोची मोकळी जागा. ट्रायपॉडवर ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण.]

निवेदन:
जमिनीखालच्या टाक्या गळल्या, तेल मातीत मुरलं. आता जागा साफ करून इथं इमारत उभी राहायची आहे. पोकलेन येण्याआधी एक गोष्ट कळायला हवी: भूजल कुठल्या दिशेला वाहतंय? तेलही त्याच दिशेनं पसरतं.

त्यासाठी निदान तीन निरीक्षण बोअर लागतात, तेही एका रेषेत नसलेले. प्रत्येक केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या पाइपच्या, काठावर, सहसा उत्तरेच्या बाजूला, खाच करतात. पाण्याची खोली त्या खाचेपासूनच मोजायची आणि उंचीही त्या खाचेचीच काढायची; उंचीतून खोली वजा केली, की पाण्याची पातळी मिळते. पाइप तिरका कापलेला असेल, तर समोरच्या काठावर सहज सेंटिमीटरभर फरक पडतो.

भूजलाचा उतार हजारास एक असेल, तर 50 मीटरवरच्या दोन बोअरमध्ये पाण्याच्या पातळीतला फरक अवघा 5 सेंटिमीटर. आरटीके जीपीएसची, म्हणजे जागेवरच दुरुस्ती करत मोजणाऱ्या अचूक जीपीएसची, उंची दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होते. एका बोअरला 3 जास्त, दुसऱ्याला 3 कमी आले, की नकाशावर प्रवाह चक्क उलटा! म्हणून बोअरची जागा जीपीएसनं घ्या, उंची मात्र लेव्हलनंच.

[दृश्य: बोअरवर उभा धरलेला स्टाफ, म्हणजे आकड्यांची लांब मोजपट्टी, जवळून.]

निवेदन:
स्टाफ कलला की वाचन वाढतं. म्हणून तो हळूहळू मागेपुढे डोलवतात आणि सर्वांत कमी वाचन लिहून घेतात. बॅकसाइट (मागच्या, उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं वाचन) यांची उपकरणापासूनची अंतरं सारखी ठेवली, की उपकरणाच्या दृष्टिरेषेतला दोष वजाबाकीत निघून जातो. शेवटी फिरून मूळ बेंचमार्कवर, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवर, यायचं. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत आठेक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर फेरी पुन्हा.

खोदाईत भांडण होतं ते घनमीटरवरून. एक हेक्टरवर 10 सेंटिमीटर जादा खोदलं, की 1000 घनमीटर माती वाढली. डंपर मोजून हिशेब जुळत नाही, कारण उकरलेली माती फुगते. टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या उपकरणानं, आधीचा पृष्ठभाग आणि नंतरचा तळ, दोन्ही मोजावे लागतात. तळ मोजायचा तो भराव टाकण्याआधी. नंतर तो दिसणारच नाही.

बेंचमार्क खोदाईच्या हद्दीबाहेर, किमान दोन हवेत. केसिंगला डंपरचा धक्का बसला, तर त्या बोअरच्या खाचेची उंची नव्यानं काढायची आणि नोंदवहीत तारीख टाकायची. त्या तारखेनंतरच्या पाण्याच्या नोंदींना नवी उंची लावायची, आधीच्यांना जुनीच.