नळी पुन्हा जागेवर

श्रोतेहो, नमस्कार.

नवरा दौऱ्यावरून परत आलाय. बायको कागद-पेन्सिल घेऊन समोर बसलीये. तो सांगतो, प्रॉव्हिडन्सला पाचशे डॉलरचा माल खपवला, बॉस्टनला सातशेचा. ती भराभर कमिशन मांडते आणि हरखून म्हणते, दोनशे बारा डॉलर! मग तो जरा घुटमळतो. नाही, तीन दुकानं हिशेब करायला अर्धीअधिक बंद होती… तसं बघितलं तर सगळ्या दौऱ्यात मिळून दोनशेचाच माल गेला. तिची पेन्सिल पुन्हा चालते. सत्तर डॉलर आणि वर काही सेंट. 'छान झालं की,' ती म्हणते. आणि मग देणी वाचायला घेते. फ्रीजचे सोळा डॉलर, कारण मधेच त्याचा पट्टा तुटला. धुण्याच्या यंत्राचे नऊ डॉलर साठ सेंट. व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन. छपराचे एकवीस राहिलेत.

आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' या नाटकातला हा प्रसंग. विली लोमन आणि त्याची बायको लिंडा. हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात उभं राहिलं. दिग्दर्शन इलिया कझान यांचं. त्रेसष्ट वर्षांच्या विलीची भूमिका ली जे. कॉब यांनी केली, तेव्हा ते स्वतः सदतीस वर्षांचे होते. ७४२ प्रयोग झाले, पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण आज मला बोलायचंय ते लिंडाच्या त्या पेन्सिलीबद्दल.

कॉलेजात हे नाटक पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला विलीचा राग आला होता. बढाईखोर, मुलांना लाडावून ठेवणारा, बायकोला बोलू न देणारा माणूस. आता वाचते तेव्हा नजर लिंडावर खिळते. बाराशेचे दोनशे होताना तिने पाहिलं. तरी 'मघाशी खोटं का बोललास' असं ती विचारत नाही. त्या घरात माया करायची म्हणजे समोरच्याच्या खोट्याला हात लावायचा नाही. माझ्या मते लोमन कुटुंबाची शोकांतिका इथून सुरू होते.

'अमेरिकन ड्रीम', म्हणजे कष्ट केले की कुणालाही वर येता येतं हे स्वप्न. हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी रुळला तो जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांच्या १९३१ सालच्या पुस्तकामुळे. साल लक्षात घ्या. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला होता आणि महामंदीने घरंच्या घरं बसली होती. मिलर यांचं घर त्यांतलंच एक. वडिलांचा बायकांच्या कोटांचा मोठा धंदा होता, तो बुडाला आणि कुटुंब मॅनहॅटन सोडून ब्रुकलिनच्या लहानशा घरात आलं. काल गाडीतून फिरणारा बाप आज जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलेला त्यांनी वाढत्या वयात पाहिला. त्या टेबलाभोवतीची शांतता त्यांच्या लेखनातून कधी गेली नाही.

विलीचं स्वप्न मात्र नुसत्या पैशाचं नाही. एका म्हाताऱ्या विक्रेत्याची गोष्ट तो मनात जपून असतो. डेव्ह सिंगलमन. वय चौऱ्याऐंशी. हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीत बसायचं, फोन फिरवायचा आणि जागेवरून न उठता माल खपवायचा. तो वारला तेव्हा शेकडो विक्रेते आणि गिऱ्हाईकं त्याच्या अंत्यविधीला लोटली. हे ऐकून विलीने आपला धंदा ठरवला. विलीला लोकांना हवंहवंसं व्हायचंय. आपण मेल्यावर गर्दी जमावी, एवढी त्याची आस आहे. पण तो डेव्ह सिंगलमन चौऱ्याऐंशीव्या वर्षीही कामच करत होता आणि बॉस्टनला जाणाऱ्या आगगाडीत मेला, हे विलीच्या कधी ध्यानातच येत नाही.

मालकाच्या केबिनमधला प्रसंग तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. विली म्हणतो, आता गाडी चालवणं झेपत नाही, इथे शहरातच काम द्या. मालक हॉवर्ड त्याच्या पोराच्या वयाचा. त्याने नवंकोरं आवाज टिपणारं यंत्र आणलंय, दीडशे डॉलरचं, आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे. मुलीने वाजवलेली शीळ ऐकवतो, मुलगा राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हणतो ते ऐकवतो. विली मधेमधे आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो. मग पन्नास. मग चाळीस. हॉवर्ड खोलीबाहेर जातो, तेवढ्यात विलीच्या हातून ते यंत्र चुकून सुरू होतं आणि पुन्हा त्या पोराचा आवाज, राजधान्यांची नावं. घाबरलेला विली ओरडत सुटतो. यंत्र बंद कसं करायचं हे त्याला कळत नाही. ज्या कंपनीसाठी सारी हयात न्यू इंग्लंडचे रस्ते तुडवले, तिथून तो त्या दिवशी नोकरी गमावून बाहेर पडतो.

घराचं नेपथ्य जो मिल्झिनर यांनी केलं होतं. आरपार दिसणारं लाकडी सांगाड्याचं घर, आणि चहूबाजूंनी अंगावर येणाऱ्या उंच इमारती. वर्तमानातला प्रसंग असला की पात्रं दारातून आत येतात. विली भूतकाळात हरवला की तीच पात्रं भिंत नसल्यासारखी आरपार चालत जातात. या नाटकाचं मिलर यांनी आधी ठरवलेलं नाव होतं 'त्याच्या डोक्याच्या आत' अशा अर्थाचं. ते रंगमंचावर अक्षरशः दिसतं.

त्या भिंतीपलीकडे बॉस्टनची एक खोली आहे. थोरला मुलगा बिफ, शाळेतला फुटबॉलचा हिरो, गणितात नापास होतो आणि मदतीसाठी बापाकडे धावत बॉस्टनला जातो. हॉटेलच्या खोलीत परकी बाई. आणि तिच्या हातात नवे स्टॉकिंग्ज. घरी आई फाटलेले स्टॉकिंग्ज रफू करत बसलेली असते. बिफच्या तोंडून जे निघतं ते बाईबद्दल नाहीच. आईचे मोजे तू तिला दिलेस, असं तो म्हणतो. पुढे त्याचं आयुष्य मार्गी लागत नाही. आणि तो हे आईला कधीही सांगत नाही. पुन्हा तेच: घर टिकावं म्हणून गप्प राहायचं.

आपल्या मराठी प्रेक्षकाला बापाची शोकांतिका म्हटलं की १९७० सालचा 'नटसम्राट' आठवतो. तिथे बेलवलकरांना मुलांनी केलेला अपमान घराबाहेर काढतो. इथेही दोघं मुलगे बापाला एका हॉटेलात टाकून पोरींबरोबर निघून जातात, ते वाचवत नाही. पण लोमनांच्या घरात कुणाची माया आटलेली नाही. मला जास्त टोचतं ते हेच.

आता ती नळी. विलीने जीव द्यायची तयारी करून तळघरात लपवलेली एक रबरी नळी लिंडाच्या हाती लागली आहे. ती रोज खाली जाते, ती काढते. आणि संध्याकाळी तो घरी यायच्या आत परत जागेवर ठेवून देते. मुलांना ती विचारते, मी त्याचा अपमान कसा करू? थोड्याच ओळींचा हा तुकडा. पण मला वाटतं, विसाव्या शतकाच्या रंगभूमीवर एवढं भीषण प्रेम फार कमी वेळा दिसलं असेल. नवरा मेला तरी चालेल, असं तिच्या मनात चुकूनही नाही. त्याच्या मानाला धक्का लावायची तिची छाती होत नाही, एवढंच.

शेवटी बिफ ती नळी टेबलावर आपटतो. त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलतं. आपण दोघंही शेकड्याने मिळणारी सामान्य माणसं आहोत, ते खोटं स्वप्न जाळून टाक, असं तो बापाला विनवतो आणि त्याच्या गळ्यात पडून रडतो. आणि विलीला काय ऐकू येतं? पोरगा माझ्यासाठी रडला. त्याचं माझ्यावर प्रेम आहे. मग त्याला वीस हजार डॉलर मिळायलाच हवेत. विम्याचे. त्या आनंदातच तो गाडी काढतो.

नाटक आल्यावर थोड्याच दिवसांत मिलर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितलं की शोकांतिका राजामहाराजांइतकीच साध्या माणसाचीही असते. साध्या माणसाचं सिंहासन म्हणजे हप्त्यांवर घेतलेलं घर, असं मला त्या लेखाशेजारी लिहून ठेवावंसं वाटतं.

स्मशानात पाचजण येतात. लिंडा, दोन मुलगे, शेजारचा चार्ली आणि त्याचा मुलगा बर्नार्ड. मेन, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरहून लोक येतील, असं विली म्हणायचा. लिंडा थोडा वेळ एकटी मागे थांबते. मला रडू का येत नाही, तेच कळत नाही, असं विलीला सांगते. तू परत एखाद्या दौऱ्यावर गेलायस, असंच वाटतं. घराचा शेवटचा हप्ता तिने त्याच दिवशी भरलेला असतो. आणि आता घरात राहायला कुणीच नाही.