व्याज म्हातारं होतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. साखर कारखाना, एसटी, सूतगिरणी, खासगी कंपनी यांतून जे निवृत्त झालेत किंवा व्हायचेत, त्यांच्याशी आज बोलायचंय. त्यांची पेन्शन ईपीएस 95 ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना 1995 ची. तिला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन 2014 साली 1,000 रुपये ठरली, ती अजून 1,000च आहे. म्हणजे पेन्शन जागच्या जागी आणि भाव पुढे. पुन्हा सांगतो, पेन्शन जागच्या जागी, भाव पुढे.

आमच्या गल्लीत एक नाना आहेत. कारखान्यात फिटर होते, 2005 साली सुटले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आलं, त्यातला बराच भाग मुलीच्या लग्नात गेला. उरलेले चार लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, नवराबायकोच्या जोड खात्यात. तेव्हा आठ टक्के होते. महिन्याला 2,667 रुपये. नाना पारावर बसून सांगायचे, "मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर राजा!"

त्यांच्या पत्नी माईंना मात्र वाण्याची बिलं तारेला टोचून ठेवायची सवय. तार भरली की सुतळीने बांधून पेटीत. 2022 च्या दिवाळीत नाना तेलावरून कुरकुरले, "एवढं लागतंच कसं?" माई काही बोलल्या नाहीत. पेटीतून 2005 च्या दिवाळीचं बिल काढलं, हळदीचा डाग पडलेलं, आणि नव्या बिलाशेजारी ठेवलं. यादी तीच, वजनंही तीच. तूरडाळ 30 ची 110 झालेली, शेंगदाणा तेल 65 चं 190. मग त्यांनी पोस्टाचं पुस्तक उघडून वर ठेवलं. मुदत संपेल तसं खातं पुन्हा घातलेलं, आणि त्या उन्हाळ्यात दर आला होता 6.6 टक्के. म्हणजे महिना 2,200. माई म्हणाल्या, "अहो, व्याज म्हातारं झालं. भाव तेवढे तरणे आहेत."

नाना चष्मा पुसत म्हणाले, "मुद्दल तरी शाबूत आहे की." त्यावर माई, "हो, आकडा शाबूत आहे. त्यात डाळ किती येते ते विचारा."

वेळ थोडा उरलाय, तेव्हा भरभर सांगतो. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत घरखर्च दुप्पट होतो. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत सगळं व्याज खाऊ नका, थोडं परत ठेवीत टाका. सगळं व्याज खाऊ नका! साठी झाली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. मर्यादा 30 लाख, व्याज दर तीन महिन्यांनी, आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं टिकतो. सगळी पुंजी एकाच दिवशी गुंतवू नका, म्हणजे सगळ्या मुदती पडत्या दरात एकदम संपणार नाहीत. आणि पन्नाशी उलटली म्हणून ईपीएसची पेन्शन घाईने सुरू करू नका. अठ्ठावन्नच्या आत घेतली तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापले जातात, आणि ते कायमचे. उलट साठपर्यंत थांबलात तर वर्षाला चार टक्के वाढवून मिळतात.