फोटॉनिक चिप एकटी कंपनी का बनवू शकत नाही?

मार्च 2025 मध्ये एनव्हिडियाने फोटॉनिक्सवाले, म्हणजे विजेऐवजी प्रकाशाने डेटा नेणारे, नेटवर्क स्विच (कम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रं) जाहीर केले, हेडलाइनमध्ये नाव एकट्या एनव्हिडियाचं, पण सोबतची पार्टनर्सची यादी वाचली का तुम्ही? चिपसाठी टीएसएमसी, मग लेझरवाल्या लुमेंटम आणि कोहेरंट, फायबरवाली कॉर्निंग, असेंब्लीवाल्या फॉक्सकॉन, फॅब्रिनेट, आणि अजून बऱ्याच. एका स्विचला एवढी मंडळी कशाला लागतात, तेच आज बघूया.

आधी फाउंड्री, म्हणजे दुसऱ्यांच्या डिझाइनवरून चिप बनवून देणारा कारखाना. सिलिकॉन फोटॉनिक्सचा वेफर, म्हणजे ज्या गोल चकतीवर चिप बनतात ती, म्हणजे वर साधारण 220 नॅनोमीटर सिलिकॉनचा थर आणि त्याखाली काचेसारखा ऑक्साइड, त्या सिलिकॉनमध्ये अर्धा मायक्रॉन रुंदीच्या वाटा कोरतात, त्यांना वेव्हगाइड म्हणतात, प्रकाश त्यातून पळतो. याला सगळ्यात लेटेस्ट फॅब (चिपचा कारखाना) लागतच नाही, टीएसएमसी फोटॉनिक भाग 65 नॅनोमीटरच्या प्रोसेसवर करते. कस लागतो तो वेव्हगाइडच्या भिंती गुळगुळीत ठेवण्यात, कारण भिंत जरा खडबडीत झाली की प्रकाश बाहेर विखुरतो. छोट्या टीमसाठी मल्टी-प्रोजेक्ट वेफर असतो, अगदी शेअर रिक्षासारखं, अनेकांची डिझाइन्स एकाच वेफरवर आणि खर्च वाटून.

पण सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही! लेझरला इंडियम फॉस्फाइड लागतं, म्हणजे वेगळं मटेरियल, वेगळे वेफर, बहुतेक वेळा फॅबही वेगळी. इंटेलने ते सिलिकॉनवरच चिकटवून दाखवलं, एनव्हिडियाने या स्विचमध्ये लेझर बाहेरच ठेवला.

आणि आता असेंब्ली किंवा पॅकेजिंग, म्हणजे चिपला फायबर वगैरे जोडणं, खरा घाम इथे निघतो. सिंगल मोड फायबरच्या (प्रकाश नेणाऱ्या बारीक काचेच्या तारेच्या) मधला प्रकाशाचा भाग साधारण 9 मायक्रॉनचा आणि चिपवरची वाट अर्ध्या मायक्रॉनची, दोघांची गाठ घालायची तर मध्ये कपलर, म्हणजे प्रकाश एकातून दुसऱ्यात नेणारा जोड, लागतो आणि तरीही फायबर मायक्रॉनच्या आत अचूक बसवावा लागतो. मग करतात काय, तर प्रकाश चालू ठेवून मशीन फायबर सहा दिशांनी किंचित किंचित हलवत राहतं, पलीकडे मिळणारी पॉवर मोजत राहतं, सगळ्यात जास्त मिळाली की तिथेच थांबायचं आणि यूव्ही लाइट मारून गोंद पक्का करायचा. आता गंमत बघा, गोंद सुकताना आकसतो आणि एवढ्या मेहनतीने लावलेला फायबर सरकू शकतो! म्हणून कुठला गोंद, किती, कुठे लावायचा हेही इंजिनिअरिंगच आहे, आणि खर्चाचा मोठा हिस्सा वेफरपेक्षा या पॅकेजिंग आणि टेस्टिंगमध्येच जातो.

म्हणूनच मला वाटतं असेंब्लीवाल्यांना शेवटी बोलावणं साफ चूक आहे. फायबर वरून जोडायचा की कडेने, दोन फायबरमध्ये 127 मायक्रॉन अंतर ठेवायचं की 250, हे लेआउट काढतानाच ठरवावं लागतं, वेफर तयार झाल्यावर हात चोळत बसावं लागतं. नेदरलँड्सच्या फिक्ससारख्या कंपन्या फक्त हेच पॅकेजिंगचं काम करतात, आणि डिझाइन करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी बोलायला हवं.

आपल्याकडेही हीच पद्धत दिसते, आयआयटी मद्रासचं फोटॉनिक्स सेंटर डिझाइन करतं, फाउंड्रीसाठी मलेशियाच्या सिलटेरासोबत काम करतं आणि पॅकेजिंगसाठी बंगळुरूची इझमो सोबत आहे. डिझाइन आणि पॅकेजिंग दोन्हीकडचे लोक देशातच आहेत, म्हणजे फायबर कुठून जोडायचा हे एका फोनवर ठरू शकतं, आणि नवीन टीमला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.