होल्याला लागलेला चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

आज बेसबॉल. नियम शिकवायला बसणार नाही, ते तुमची नातवंडं शिकवतील. बोलायचंय ते बेसबॉलच्या सरावी सामन्यांबद्दल. अमेरिकेतला खरा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून तीसच्या तीस संघ थंडीतून पळ काढतात. निम्मे फ्लोरिडात जातात, निम्मे ॲरिझोनाच्या वाळवंटात. ॲरिझोनातल्या सामन्यांचं नाव कॅक्टस लीग. 15 संघ, 10 मैदानं, आणि दहाही मैदानं फीनिक्स शहराच्या आजूबाजूला.

याची सुरुवात 1947 सालची. बिल व्हेक हे क्लीव्हलंड संघाचे मालक. त्यांनी आपला संघ ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात आणला, आणि न्यूयॉर्क जायंट्स फीनिक्सला आले. तेव्हापासून हे चालू आहे. टूसॉनमध्ये मात्र आता यातला एकही संघ सरावाला जात नाही. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती टूसॉनचीच, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे सरकणार नाही.

तारीख 24 मार्च 2001. मैदानाचं नाव टूसॉन इलेक्ट्रिक पार्क, म्हणजे वीज कंपनीचं नाव. मैदानाला कंपनीचं नाव द्यायची ही रीत मला अजिबात पटत नाही. कंपनी गेली की नाव जातं, आणि पत्ता विचारणारा रिक्षावाल्याचं डोकं खातो. हेच पाहा, त्या मैदानाचं नाव आज वेगळंच आहे. असो.

सामना ॲरिझोना डायमंडबॅक्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. सातवी इनिंग, म्हणजे नऊ डावांतला सातवा. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, रँडी जॉन्सन. उंची सहा फूट दहा इंच, डावखुरा, त्या काळातला सगळ्यात धडकी भरवणारा पिचर. समोर बॅट घेऊन कॅल्विन मरी. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर साडेसाठ फूट, आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडंसंच कमी. पण इथे टप्पा नाही. जॉन्सनचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत कापायचा.

आता ऐका. जॉन्सनने हात फिरवला, चेंडू सुटला, आणि नेमक्या त्याच क्षणी एक होला दोघांच्या मधून खालून उडत आला. होला म्हणजे आपल्या अंगणात घुमतो तोच, तिकडची जात थोडी निराळी. चेंडू थेट त्याच्यावर. आवाज झाला, आणि उशी फाटावी तशी पिसंच पिसं उडाली. पक्षी जागच्या जागी गेला. कॅचर रॉड बराहास हातमोजा पुढे धरून बसलेला, त्याच्या मोज्यात चेंडू आलाच नाही. बॅटर नुसता बघत उभा. काही क्षण मैदानावर कुणालाच कळेना की आपण पाहिलं ते काय.

पंचांनी काय निर्णय द्यावा? चेंडू मोजायचाच नाही, असा. ना बॉल, म्हणजे पिचरची चूक, ना स्ट्राइक, म्हणजे बॅटरची. जॉन्सनने तो पुन्हा टाकायचा. जायंट्सच्या जेफ केंटने तो मेलेला होला उचलला आणि थट्टेने जॉन्सनला दाखवला. जॉन्सनला हसू आलं नाही. त्याला ती गंमत वाटलीच नव्हती.

आणि मला या गोष्टीत आवडतं ते पुढचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डायमंडबॅक्सनी न्यूयॉर्क यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. जॉन्सन आणि कर्ट शिलिंग दोघांना मिळून मालिकावीराचा मान मिळाला. कारकिर्दीत जॉन्सनने 303 सामने जिंकले, 4,875 फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. पण लोक त्याला भेटले की विचारतात होल्याबद्दल. आणि तो चेंडू कुठल्याच हिशेबात नाही! सामना सरावाचा, म्हणून मोसमाच्या आकड्यांत नाही. चेंडू रद्द, म्हणून त्या सामन्याच्या आकड्यांतही नाही. खेळ सोडल्यावर जॉन्सन छायाचित्रकार झाला, आणि आपल्या व्यवसायाचं बोधचिन्ह म्हणून त्याने काय घेतलं? मेलेला पक्षी.

तर हे सामने असे असतात. निकालाला किंमत नाही. नवव्या इनिंगनंतर बरोबरी असली तर बरोबरीतच थांबतात, सगळे घरी जातात. म्हणून लक्षात ठेवा, आधी जा. मोठे खेळाडू सहसा पहिल्या तीन ते पाच इनिंग खेळतात आणि निघून जातात. सातव्या इनिंगला पाठीवर ऐंशी-नव्वदचे आकडे घेतलेली नवखी पोरं मैदानात असतात. उशिरा पोहोचलात तर ज्याच्यासाठी आलात तो आंघोळ करून गाडीत बसलेला असेल. पुन्हा सांगतो, आधी जा. वेळापत्रकात संघाच्या नावापुढे ‘स्प्लिट स्क्वॉड’ दिसलं तर त्या दिवशी तो संघ दोन भागांत वाटून दोन ठिकाणी खेळतोय. बडे खेळाडू सहसा घरच्या मैदानावर राहतात, तिथलं तिकीट घ्या.

सह्या हव्यात? सामन्याआधी तासभर पहिल्या रांगेच्या कठड्याशी उभं राहायचं. चेंडूवर सही घ्यायला बॉलपेन न्या, मार्करची शाई चामड्यात पसरते. सामन्यापेक्षा सकाळ बरी, बऱ्याच संघांची मागची सराव मैदानं सकाळी पाहायला मिळतात.

आता ऊन. मार्चमध्ये फीनिक्सला दुपारी पंचवीस अंश, ऐकायला गुलाबी. पण हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, लागलीच उडून जातो. माणसाला वाटतं आपल्याला ऊन लागतच नाहीये, आणि चौथ्या इनिंगला डोकं धरतं. पाणी तहानेच्या आधी प्यायचं. आणि खुर्ची निवडताना एकच बघा, तिची पाठ पश्चिमेला किंवा नैऋत्येला हवी आणि वर छप्पर हवं. सहसा ती होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या वरच्या रांगांत मिळते. पाठ पश्चिमेला, विसरू नका. कुंपणापलीकडच्या हिरवळीचं तिकीट स्वस्त असतं, चादर टाकून आरामात बसता येतं, पण तिथे तोंड होम प्लेटकडे, म्हणजे बहुधा पश्चिमेकडे. तीन वाजता सूर्य सरळ डोळ्यांत. वर षटकाराचा चेंडू तिथेच येऊन पडतो आणि पुढे जाळी नसते, तेव्हा फोनमध्ये मान घालून बसू नका. फोनमध्ये मान घालून तर लग्नातही बसू नये, पण आता ते सांगून कोण ऐकतंय.

रात्रीचा सामना असेल तर स्वेटर घ्या. वाळवंट सूर्य मावळला की झपकन गार होतं.

दिवसाला दोन सामने बघायचे तर दोन्ही एकाच बाजूचे निवडा. पूर्वेला मेसा, टेंपी, स्कॉट्सडेल. पश्चिमेला पिओरिया, सरप्राइज, ग्लेंडेल, गुडइयर. मेसाहून सरप्राइज साधारण ऐंशी किलोमीटर, आणि संध्याकाळी हायवे तुंबतो. फीनिक्सजवळच्या चँडलरला मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांना मेसा आणि टेंपी जवळ. मेसाला शिकागो कब्जचं मैदान आहे, तिथे कायम गर्दी, तिकीट महाग. निवांतपणा हवा तर फेब्रुवारीअखेरचा आठवड्यातला मधला वार धरा. मार्चच्या मध्यात तिकडच्या कॉलेजांना सुट्ट्या लागतात, मग हॉटेलंही परवडत नाहीत.

एक हिशेब राहिला. जवळजवळ सगळी अमेरिका मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करते, ॲरिझोना करत नाही. शहाणं राज्य आहे! त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात बाराही महिने साडेबारा तासांचा फरक. तिथला दुपारी एकचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला सुरू होतो. मुलांशी बोलायचं असेल तर आपल्या सकाळी सहानंतर फोन लावा, तोवर ती मैदानावरून घरी पोहोचलेली असतात.