साक्सनरिंग: जुने निकाल आणि आजचा भाव

(दृश्य: वरून दिसणारं सर्किट, डावीकडे झुकलेल्या मोटरसायकलींची रांग)

जर्मनीच्या साक्सनी राज्यातलं हे साक्सनरिंग, मोटरसायकल शर्यतींचं सर्किट. लांबी ३.६७१ किलोमीटर, वळणं १३. त्यातली १० डावी आणि फक्त ३ उजवी. मार्क मार्केझ हा स्वार इथे २०१० ते २०१९ आणि पुढे २०२१ मध्ये, अशा सलग ११ शर्यती जिंकला; पहिल्या तीन खालच्या गटांत, बाकीच्या मोटोजीपीत, म्हणजे सर्वांत वरच्या गटात. २०२० साली इथे शर्यतच झाली नव्हती.

असा इतिहास दिसला की सट्टा लावणारा डोळे झाकून त्याच नावावर पैसे ठेवतो. पण यादी जिंकणाऱ्याचं नाव सांगते, तो का जिंकला ते सांगत नाही. ते कारण अजून टिकून आहे का, हे आधी तपासायचं.

पहिली चाळण सर्किटचीच. १९६१ ते १९७२ या काळात पूर्व जर्मनीची ग्रां प्री, म्हणजे जागतिक स्पर्धेतली शर्यत, ज्या साक्सनरिंगवर व्हायची, ते सार्वजनिक रस्त्यांवरचं, साडेआठ किलोमीटरहून लांब होतं. नाव तेच, रस्ता वेगळा. ते निकाल बाजूला ठेवा.

(दृश्य: विजेत्यांचा तक्ता, वर्षांनुसार)

आता गाडी आणि स्वार वेगळे करू. २०१० ते २०१९ आणि २०२१, मोटोजीपी गटात दरवेळी होंडाच जिंकली. आधी तीन वर्षं दानी पेद्रोसा, मग मार्केझ. म्हणजे हे होंडाचं सर्किट? २०२३ बघा. त्याच होंडावर मार्केझ एका आठवडाअखेरीत पाच वेळा पडला, अंगठा मोडला आणि रविवारी उतरलाच नाही. २०२४ मध्ये डुकाटीवर तेराव्या जागेवरून सुरुवात करून तो दुसरा आला. २०२५ मध्ये पोलवरून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवरून, जिंकला. गाडी बदलली तरी जोर टिकला, तेव्हा तो स्वाराचा. डाव्या वळणांवर तो लहानपणापासूनच्या मातीच्या ट्रॅकवरच्या सरावामुळे पटाईत आहे. २०२० मध्ये मोडलेला त्याचा हात उजवा, आणि इथे उजवी वळणं तीनच. म्हणूनच तो पुरता बरा नसतानाही २०२१ ची शर्यत इथे जिंकता आली.

(दृश्य: अकरावं वळण, उतारावरून येणाऱ्या गाड्या)

या सर्किटचा खरा खजिना मात्र इथे आहे. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डावी वळणं. तेवढ्या वेळात टायरची उजवी कड गार पडते, आणि लगेच उतारावरचं वेगवान उजवं वळण येतं. पुढचं चाक सुटतं, सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मिशलिन उजव्या बाजूला मऊ रबर असलेले टायर आणते. पहिलं वळणही उजवंच: २०२४ मध्ये खोर्खे मार्टिन आघाडीवर असताना, शेवटून दुसऱ्या फेरीत तिथेच पडला. २०२५ ची शर्यत फक्त १० जणांनी पूर्ण केली. तेव्हा शुक्रवारच्या सरावात कोण कुठल्या वळणावर पडला, ट्रॅकचं तापमान किती, वारा आहे का, हे टिपून ठेवा. शर्यत पूर्ण न होण्याचा भाव बुकी देत असेल, तर विजेत्याच्या भावापेक्षा तो आधी बघा. सर्किटची माहिती तिथे जास्त कामाला येते.

आता हिशेब. भारतात ऑनलाइन पैसे लावण्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. हे गणित परवानाधारक बुकी असलेल्या देशांतलं. समजा भाव १.४० आहे, म्हणजे जिंकल्यास एका रुपयाचे १.४० रुपये हातात येतात. १ भागिले १.४०, म्हणजे ७१.४ टक्के. तुमच्या मते शक्यता याहून जास्त असेल तरच लावण्यात अर्थ. मोटोजीपीत मार्केझ २०२५ पर्यंत इथे १० वेळा उतरला, ९ वेळा जिंकला. पण इतक्या कमी शर्यतींवरून ९० टक्के म्हणणं धोक्याचं. एक काल्पनिक विजय आणि एक पराभव मिळवा: १२ पैकी १०, म्हणजे ८३ टक्के. २०२३ ची न धावलेली शर्यतही पराभव धरा: १३ पैकी १०, ७७ टक्के. १.४० ला थोडी जागा उरते. भाव १.२० झाला की ८३.३ टक्के हवेत; सोडून द्या. आणि त्या नऊ विजयांपैकी आठ होंडावरचे आहेत, म्हणून ७७ हा आकडासुद्धा वरचाच समजा. शिवाय हे नाव सगळ्यांना पाठ आहे, ते भावात आधीच मोजलेलं असतं.

पैसे लावण्याआधी बुकीचे नियम वाचा. स्वार उतरलाच नाही तर पैसे परत मिळतात का? पुढच्या टायरचा दाब कमी भरला तर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांची शिक्षा होते. मग बुकी निकाल पोडियमवरचा, म्हणजे बक्षीस देतानाचा, धरतो की शिक्षेनंतरचा अधिकृत?

(दृश्य: पिटमध्ये उतरवलेले टायर)

२०२७ पासून इंजिन ८५० सीसीचं आणि टायर पिरेलीचे. त्या वर्षी गार कडेचा सगळा हिशेब पहिल्या सरावापासून पुन्हा मांडावा लागेल. दहा डावी वळणं मात्र तशीच राहतील.