गुळाचा आडोसा

मंडळी, नमस्कार. पावसाचा जोर असूनही फोंड्याच्या आसपासच्या वाड्यांतून इतकी माणसं आलात, बरं वाटलं. पत्रिकेत विषय छापलाय, 'साखरेचे आरोग्यावर होणारे परिणाम'. दात, यकृत, मधुमेह, सगळ्यावर बोलायचं आहे. पण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे, घरोघरी नारळ सोलून ठेवलेत, तेव्हा सुरुवात गुळापासून करते. साखरेबद्दल काहीही सांगायला जा, समोरून उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे साखर नाहीच हो, आम्ही सगळं गुळाचं करतो." या एका वाक्याच्या आडोशाने घराघरांत किती साखर पोटात जाते, त्याचा हिशेब आज मांडायचाच आहे.

साखर कशी होते ते आधी बघू. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना चालू होता तेव्हा आपल्याच भागातला ऊस तिथे गाळला जायचा, त्यामुळे इथल्या कितीतरी जणांनी हे जवळून पाहिलं असेल. उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतात, गंधकाचा वायू सोडतात, गाळ खाली बसतो. वरचा निवळ रस आटवून निर्वात पॅनमध्ये दाणा धरतात आणि मग तो जाळीच्या यंत्रात गरगर फिरवतात. दाणा आत राहतो, मळी बाहेर फेकली जाते. गुळाला हाच रस उघड्या काहिलीत आटवतात, वर येणारी साय काढतात, आणि पाक वाफ्यात ओतून घोटून थंड करतात. मळी वेगळी काढायची पायरी इथे नाही. म्हणजे गूळ झाला साखर, थोडी मळी आणि थोडं पाणी. शंभर ग्रॅम गुळात ढोबळमानाने ८० ते ९० ग्रॅम साखरच असते. त्यातला थोडा भाग आधीच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो, म्हणून तर पावसात गुळाला पाणी सुटतं.

"पण लोह?" हा प्रश्न येणारच. आहे, गुळात लोह आहे. दहा ग्रॅमच्या खड्यात मात्र ते जेमतेम एक मिलिग्रॅमपर्यंत जातं, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. ती भरपाई गुळातून करायला निघालात तर पाव किलोच्या पुढे गूळ खावा लागेल. लोहासाठी तांबडी भाजी आहे, कुळीथ आहेत, तिसऱ्यांसारखे शिंपले आहेत. गरोदर सुनेला गुळाचा खडा देऊन डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या, हे तर मुळीच करू नका. आणि पिवळाधमक गूळ शुद्ध असतो, हाही समज सोडा. रंग उजळ यावा म्हणून काहिलीत 'हायड्रॉस' नावाची पावडर टाकतात. उसाच्या गुळाचा जात्या रंग तपकिरीच.

माडाचा गूळ वेगळा, असं म्हणणारे आहेतच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात ते काळे सुळके. त्याची चव खरंच वेगळी, आणि ती टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. माडावर चढणारा रेंदेर कमी होत चाललाय आणि त्याच्याबरोबर हा गूळही. पण सूर, म्हणजे माडाचा ताजा रस, आंबायच्या आत आटवली की उरते ती मुख्यतः तीच साखर, सुक्रोज. दोदोल या मिठाईला तो गूळ हवाच, तिथे साखर चालत नाही. मात्र चवीसाठी घाला. औषध म्हणून मधुमेहाच्या माणसाच्या ताटात वाढू नका.

आता हळदीच्या पानात उकडलेली पातोळी घेऊ. पाव किलो गुळाच्या चुनात, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या सारणात, साधारण वीस पातोळ्या होतात. म्हणजे एकीत साडेबारा ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा लक्षात ठेवा: वेगळी घातलेली साखर, गूळ, मध, फळांचा रस, सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम; आणि जमलं तर पाच टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. दोन पातोळ्यांत ते २५ जवळजवळ संपले. पातोळी खाऊ नका असं मी म्हणत नाही. हळदीच्या पानाचा तो वास वर्षातून थोडेच दिवस येतो. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्या, मणगण्याची खीर दुसऱ्या दिवशी करा. चुनात गूळ कमी करायचा तर एक तृतीयांश बिनधास्त कमी होतो, वेलची थोडी वाढवा. पण पाक कमी पडला की चून मोकळं राहतं, सुटतं. म्हणून ते फार कोरडं करू नका आणि त्याच दिवशी संपवा. साखर पाणी धरून ठेवते म्हणून गोड पदार्थ टिकतो. ती कमी केली की टिकणंही कमी होतं. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आठवडाभर ठेवायच्या असतील तर हा प्रयोग तिथे नको.

हा काटा मुद्दाम आणलाय. काकी, तुम्ही या पुढे. घरी चहात घालता तशी एक चमचा साखर या वाटीत घाला. लाजू नका, रोजच्यासारखी घाला. बघा, सात ग्रॅम! सपाट चमचा चार ग्रॅमचा असतो, पण चमचा सपाट कोण भरतं? दिवसाला चार चहा म्हणजे २८ ग्रॅम, अजून बिस्किटाला हात लागलेला नाही. घरचा हिशेब याहून सोपा आहे. महिन्याची वाण्याची यादी काढा. चार माणसांच्या घरात साखर, गूळ आणि मध मिळून तीन किलोच्या वर गेलं की २५ ग्रॅमची रेघ ओलांडली.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरली म्हणतात. मग भरभर सांगते.

साखरेचा कण आतड्यात फुटतो, अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जातं, इन्शुलिन वाढतं, अंगभर वापरलं जातं. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर. थोडं असेल तर निभतं. पण ३०० मिलिलिटरच्या शीतपेयात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, ती पाच मिनिटांत पोटात जाते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही. रोज असं झालं की यकृत त्याची चरबी करतं: यकृतात साठते, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, युरिक ॲसिडही वाढतं. दारूला न शिवणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' येतं, त्याच्या कारणांतलं हे एक. अख्खं फळ या हिशेबात धरायचं नाही. त्यात चोथा आहे, ते चावावं लागतं. रस मात्र धरायचा.

मधुमेह फक्त साखरेने होत नाही. वजन, पोटाचा घेर, अनुवंश, बसून राहणं, ताटातला भाताचा डोंगर, सगळं त्यात आहे. पण गोड पेयांचा त्याच्याशी संबंध वारंवार दिसलेला आहे. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४. या सभागृहातल्या खुर्च्या मोजा आणि दर चौथीवर बोट ठेवा.

दातांचं गणित वेगळं, तिथे किती वेळा खाल्लं ते जास्त महत्त्वाचं. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातांवरच्या थरात आम्ल तयार होतं, आणि ते निवळायला अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर चिक्की चघळणाऱ्या पोराचे दात त्या आम्लातच राहतात. पूर्ण पातोळी जेवणाबरोबर एकदम दिलेली बरी.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. मधुमेहाच्या माणसाला घाम फुटला, हात थरथरले, रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम साखर पाण्यात ढवळून द्या, म्हणजे सपाट चार चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे उशीर लागतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या. आणि गोळ्यांच्या पाकिटावर अकार्बोज किंवा वोग्लिबोज हे नाव असेल, तर साखरही लवकर उपयोगी पडत नाही आणि गूळही नाही. ती औषधं आतड्यात साखर फुटण्याचं कामच रोखतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आज घरी गेल्यावर पाकीट वाचा. ही नावं दिसली तर पावडरचा डबा आणून गोळ्यांच्या शेजारी ठेवा, आणि तो कशासाठी आहे ते घरातल्या प्रत्येकाला सांगा.