डोळ्यात खुपतंय म्हणजे नक्की काय खुपतंय

नमस्कार मंडळी. आज ज्या आजाराबद्दल बोलायचंय त्याचं नाव आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं, नातवंडांनी मात्र बहुतेक ऐकलेलंसुद्धा नाही. खुपऱ्या. डॉक्टरी भाषेत ट्रॅकोमा. लहानपणी मी डोळे चोळायला लागले की आजी ओरडायची, चोळू नको गो, खुपऱ्या होतील, आणि मला वाटायचं की ही पोरांना घाबरवायची एक गोष्ट आहे. पुढे नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली, शाळाशाळांत, वाड्यावाड्यांत, धनगरवाड्यांवर डोळे तपासत फिरले, तेव्हा कळलं की आजी घाबरवत नव्हती, तिने पाहिलेलं होतं.

खरं म्हणजे मी हे सगळं बोलतेय ते एका बाईमुळे. राजापूर तालुक्यात एका आंब्याच्या बागेत कामगारांची तपासणी होती, एप्रिलचे दिवस, तोडणी जोरात. आपल्याकडे बागांवर नेपाळी कामगार असतात हे तुम्हाला सांगायला नको, त्यातल्याच एका कुटुंबातली ही बाई, साठीच्या आसपासची, सगळ्यांचा स्वयंपाक करायची. चुलीसमोर बसून तिचे डोळे सारखे गळायचे आणि सगळे म्हणायचे धुराने होतंय. मला आधी दिसला तो तिच्या गळ्यातला दोरा, त्याला मंगळसूत्रासारखा एक बारीक चिमटा अडकवलेला, टोकं झिजलेली. मी विचारलं हा कशाला, तर हिंदीत म्हणाली, दीदी, आठ दिवसांनी सून केस उपटते, नाहीतर डोळा उघडता येत नाही. म्हणजे पापणीचे केस. ते आत वळले होते आणि डोळ्याची उघडझाप झाली की प्रत्येक वेळी बुबुळावर घासत होते. आपल्या डोळ्यात भाताचं एक कुसळ गेलं तर आपण सगळं काम टाकून आरशासमोर उभे राहतो, हिच्या डोळ्यात तशी पाच-सहा कुसळं कित्येक वर्षं होती. त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं म्हणे, तिथे पापणी उलटून न बघताच चार महिने नुसते थेंब दिले. मला तेव्हाही राग आला आणि आज सांगतानाही येतोय.

पापणी उलटणं हे काही अवघड काम नाही हो. माणसाला खाली बघायला सांगायचं, वरच्या पापणीचे केस अलगद धरायचे, वरून हलका दाब द्यायचा की पापणी उलटते. निरोगी असेल तर आतली बाजू गुलाबी आणि गुळगुळीत दिसते. ज्या मुलाला खुपऱ्या असतात त्याच्या पापणीत आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, आणि अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून मोठे पाच दाणे तरी दिसले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 1987 च्या पद्धतीप्रमाणे त्या मुलाला खुपऱ्या आहेत असं धरायचं. आपल्या सुश्रुताने याला पोथकी म्हटलंय असं वैद्य मानतात, त्याने दाण्यांना लाल मोहरीची उपमा दिलीय, बघा किती जवळून बघितलं असेल. या बाईच्या पापणीत दाणे नव्हते, ते वय गेलं, तिथे पांढऱ्या रेषा होत्या, भाजल्यावर कातडी आखडते तशा. लहानपणी खुपऱ्या पुन्हा पुन्हा होतात, प्रत्येक वेळी आत सूज येते, मग व्रण राहतात, ते व्रण हळूहळू आवळत जातात आणि पापणीची कड आत ओढली जाते, केस बुबुळावर घासतात, आणि शेवटी बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं. सुरुवात दोन-तीन वर्षांच्या वयात आणि नजर जाते चाळिशी-पन्नाशीत, एवढी संथ गोष्ट, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही की याचं मूळ त्या लहानपणात आहे.

आणि बायकांना हे जास्त होतं. नजर जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा चौपटीपर्यंत जाऊ शकतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण साधं आहे. पोराचं नाक आई पुसते, त्याच पदराने त्याचे चिपडं आलेले डोळे पुसते, मग दुसऱ्या पोराचं तोंड, मग स्वतःचा घाम. शिवाय काजळाच्या एकाच डबीत घरातल्या सगळ्यांची बोटं. म्हणजे जी सगळ्यांची काळजी घेते तिलाच पुन्हा पुन्हा लागण. ती बाई मला म्हणाली तिची पाच पोरं आणि दिरांची चार, सगळी तिनेच वाढवली.

आता हा आजार होतो कशाने हे शोधायला माणसाला किती वर्षं लागली ते ऐका, मला ही गोष्ट फार आवडते. 1907 साली हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक हे दोघे संशोधक जावा बेटावर होते, त्यांनी आजारी माणसाच्या पापणीतला खरवडलेला अंश ओरांगउटान माकडाच्या डोळ्यात घातला आणि मग पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींच्या आत बारीक कणांचे पुंजके दिसले. दिसले खरे, पण ते वाढवता काही येईनात, कारण हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या थाळीत काहीच उगवत नाही, त्यामुळे कित्येक वर्षं त्याला व्हायरसच समजत होते. मध्ये एका मोठ्या शास्त्रज्ञाने दुसराच जंतू पकडून हाच तो असं जाहीर केलं, ते चुकीचं निघालं. बीजिंगमध्ये तांग फेइफान नावाचे संशोधक होते, त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत हा जंतू वाढवायचा प्रयत्न चालवला. अडचण अशी की डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात इतर जंतूही येतात, त्यांना मारायला पेनिसिलिन घातलं तर हाही जातो. त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनवर भर दिला, ते याला काही करत नाही. 1957 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, म्हणजे जावानंतर बरोबर 50 वर्षांनी. पण अंड्यात वाढलेला जंतू खरंच माणसाला खुपऱ्या करतो का हे कसं सिद्ध करणार? 1958 च्या सुरुवातीला त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला, डोळा सुजला, लाल झाला, आणि त्यांनी जवळजवळ 40 दिवस औषध घेतलं नाही, त्या डोळ्यातून तोच जंतू पुन्हा मिळेपर्यंत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजकीय छळात त्यांचा अंत झाला. मी पापणी उलटताना कितीतरी वेळा या माणसाची आठवण काढलीय.

जंतू हाती आल्यावर लस करायचेही प्रयत्न झाले, पण काही प्रयोगांत लस दिलेल्यांचा आजार उलट वाढल्यासारखा झाला, तो रस्ता तिथेच थांबला. औषध होतं, टेट्रासायक्लिनचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. आता तुम्हीच सांगा, शेतावर जाणारी आई चार पोरांच्या मागे सहा आठवडे मलम घेऊन धावणार कशी, मलमाने डोळा धूसर होतो, पोरं पळून जातात. मग ॲझिथ्रोमायसिन आलं, झाग्रेबमधल्या प्लिव्हा कंपनीत 1980 मध्ये शोधलेलं, आणि 1993 मध्ये गांबियातल्या अभ्यासात दिसलं की त्याचा एकच डोस त्या सहा आठवड्यांच्या मलमाइतकं काम करतो. गोळ्यांचा एकच डोस, किंवा लहान मुलांना सिरप, बस्स. गावातल्या सगळ्यांना एकदम द्यायचा, दिसतंय त्याला आणि दिसत नाही त्यालाही. 1998 पासून फायझर कंपनी हे औषध या कामासाठी फुकट देतेय. आणि हे औषध वाटताना एक वेगळीच गोष्ट समोर आली, नायजर, मलावी आणि टांझानियात मोठा अभ्यास झाला, 2018 मध्ये निकाल आला की लहान मुलांचे मृत्यू एकूण 13.5 टक्क्यांनी कमी झाले. पण इतकं अँटिबायोटिक वाटलं की जंतू त्याला सरावतात ही भीतीही आहेच, म्हणून ते जपून वापरायला हवं, मेडिकलमधून मनाने आणून तर अजिबात नको.

माशीचं पण सांगते. मुस्का सॉर्बेन्स नावाची माशी, आपल्या घरमाशीची चुलतबहीण, तिला डोळ्यातलं पाणी हवं असतं आणि अंडी घालायला उघड्यावरची विष्ठा. गांबियात काही गावांत कीटकनाशक फवारलं, काही गावांत संडास बांधले, आणि मग पोरांच्या डोळ्यांवरच्या माश्या पकडून मोजल्या, चक्क मोजल्या. फवारणीने 88 टक्के घटल्या, संडासाने 30 टक्के. पण आजार किती घटतो हे दाखवणं एवढं सोपं नाही, इथिओपियात पाणी आणि स्वच्छतेवर मोठा प्रयोग झाला, 2022 मध्ये त्याचा निकाल आला, आणि जंतूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. काही लोक यावरून म्हणतात मग पाण्याची गरज काय. मला ते पटत नाही. युरोपातून खुपऱ्या गेल्या त्या बऱ्याचशा अँटिबायोटिक यायच्या आधी, राहणीमान सुधारलं म्हणून गेल्या, दोन-तीन वर्षांच्या प्रयोगात पिढीचा बदल कसा मोजणार.

आता तुम्ही म्हणाल आपल्या कोकणाचा काय संबंध. हा तर धुळीचा, कोरड्या मुलखाचा आजार, पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, तिकडचा. ते खरंय, आपल्याकडे तो पहिल्यापासून कमीच. पण निकोबार बेटं बघा, नारळ, समुद्र, धो धो पाऊस, अगदी आपल्यासारखं, आणि तरी 2010 मध्ये कार निकोबारला पाहणी झाली तर जवळजवळ निम्म्या लहान मुलांना खुपऱ्या निघाल्या. मग सगळ्यांना औषध दिलं आणि काही वर्षांत प्रमाण झपाट्याने उतरलं. पाऊस पडून उपयोग नसतो, पाणी घरात पोहोचावं लागतं, आणि मे महिन्यात कातळावरच्या वाड्यांत विहीर तळाला गेली की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, एक हंडा आणायला अर्धा तास, त्यातलं पोराचं तोंड धुवायला कोण वापरणार. एका शाळेत मी एक लिटरची बाटली घेऊन गेले होते, पोरांना रांगेत उभं केलं आणि ओंजळीत थोडंथोडं ओतत गेले, अख्खी दुसरी इयत्ता संपली तरी बाटलीत थोडं शिल्लक होतं. वर्गाच्या बाई बघत राहिल्या. पाणी कमी लागतं हे आयांना एकदा डोळ्याने दिसलं की पुढचं त्या करतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या संपल्याचं प्रमाणपत्र दिलं. नेपाळला 2018 मध्ये मिळालं, म्यानमारला 2020 मध्ये, संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातले आपण तिसरे. 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, म्हणजे 60 वर्षांचं काम, कोणत्या कोणत्या गावांत कोणी कोणी पापण्या उलटल्या असतील, मला फार अभिमान वाटतो. पण संपल्याचा अर्थ नीट समजून घ्या. 1 ते 9 वर्षांच्या मुलांत दाणे 5 टक्क्यांपेक्षा कमी, आणि 15 वर्षांवरच्या माणसांत केस आत वळलेले पण आरोग्य खात्याला माहीत नसलेले 0.2 टक्क्यांपेक्षा कमी, असा तो हिशोब. म्हणजे हजारात एखाद-दुसरी व्यक्ती असू शकते, आणि ती कोपऱ्यात चुलीपाशी बसलेली म्हातारी असते. लहानपणीचे व्रण प्रमाणपत्राने पुसले जात नाहीत.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे सारखे गळत असतील, उजेड सहन होत नसेल, तर दारात उजेडात बसवून पापणीचे केस कुठे जातायत ते बघा. सगळ्यांना खुपऱ्याच झालेल्या असतील असं नाही, केस आत वळायला इतरही कारणं आहेत, पण कारण काहीही असलं तरी बुबुळ घासलं जातंच. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचा वार कोणता ते आशाताईंना विचारून जा. पापणीची कड बाहेर वळवायचं ऑपरेशन फक्त पापणीपुरती भूल देऊन, जागेपणी होतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं. आणि उपटण्याबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आले की ते अजिबात करू नका, पण 2011 मध्ये इथिओपियातला अभ्यास वाचला आणि मला माझं मत थोडं बदलावं लागलं. ज्यांचे सहापेक्षा कमी केस आत वळलेत अशी 1300 माणसं घेतली, निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना चांगल्या प्रतीचे चिमटे देऊन घरच्यांना नीट शिकवलं. दोन वर्षांनी केस पुन्हा येण्याचं प्रमाण उपटणाऱ्यांत जास्त होतं, पण नजरेत फरक नव्हता. तेव्हा कोणी ऑपरेशनला घाबरत असेल तर निदान चिमटा चांगला हवा आणि उपटणाऱ्याची नजर चांगली हवी. अर्धा तुटलेला केस हा आख्ख्या केसापेक्षा वाईट टोचतो.

त्या बाईचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावर आधीच फूल पडलेलं, ती नजर परत आली नाही, उजवा वाचला. पुढच्या हंगामात ती परत आली, तांदूळ निवडत बसली होती, खडे स्वतःच्या स्वतः वेचत होती, आणि गळ्यात चिमटा नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, गावी मोठी बहीण आहे, तिला दिला, तिला पण खुपतं. मी तिथल्या तिथे तिच्या फोनवरून बहिणीशी बोलले, सगळं सांगितलं, ती हो हो म्हणाली. अजून गेलेली नाही. मी दर महिन्याला विचारते.